वाळवीवाल्या सरांचं खातं

१

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताई पत्रक लिहायला बसत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणतं ई-नियतकालिक नव्याने सुरू झालं, कोणतं बंद पडलं, घरबसल्या लेख वाचायचा तर कुठे टिचकी मारायची, संशोधनात अडलात तर कोणाच्या टेबलाशी यायचं, हे सगळं दोन पानांत. पत्रक सात हजार लोकांना जायचं आणि, ताईंच्याच शब्दांत, सात जण वाचायचे. त्यातले दोघे चुका काढायला.

ताईंना नोकरीत एकतीस वर्षं झाली होती. कार्डांचे लाकडी खण गेले, जाड सूच्या गेल्या, तबकड्या आल्या न् त्याही गेल्या; ताई जागच्या जागी होत्या. धाकटे-थोरले सगळेच त्यांना ताई म्हणत. ग्रंथपालसुद्धा, आणि ते ताईंहून सहा वर्षांनी मोठे होते.

या महिन्याचं पत्रक मोठं होतं. लॉगिनची जुनी पद्धत महिनाअखेर कायमची बंद होणार होती. ज्यांनी नव्या पद्धतीत नोंदणी केलेली नाही, त्यांची खाती आपोआप मिटणार. अशा चारशे बारा जणांची यादी ताईंसमोर होती. बहुतेक जण पदव्या घेऊन पांगलेले, काही नोकऱ्या सोडून गेलेले, काही जगातूनच गेलेले. ‘शेवटचा वापर’ या रकान्यात पाच वर्षं, आठ वर्षं अशा जुन्या तारखा. ताई पेन्सिलीने एकेक ओळ खोडत चालल्या होत्या.

दोनशे सहाव्या ओळीवर वाळवीवाले सर होते.

ताईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. सर जाऊन सहा वर्षं झाली होती, पण नाव दिसलं की हसू यायचंच. पेन्सिल ओळीवर टेकवताना त्यांचं लक्ष उजवीकडच्या रकान्यात गेलं.

शेवटचा वापर: आज, सकाळी ११.१०.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

२

सरांनी चाळीस वर्षं वाळवीचा अभ्यास केला. वाळवीचा जाणकार ग्रंथालयात रोज येऊन बसतो म्हणजे शत्रूचा वकील आपल्या ओसरीवर, असं तेव्हाचे ग्रंथपाल म्हणायचे. सर त्यावर म्हणायचे, “तुमच्यापेक्षा ती जास्त वाचते. अथपासून इतिपर्यंत.”

ताई बावीस वर्षांच्या असताना कामावर लागल्या, तेव्हा वाचकाशी बोलताना त्यांचा घसा कोरडा पडायचा. पहिल्याच आठवड्यात सरांनी एका परदेशी लेखाची मागणी केली. ताईंना तो सापडेना. तीन दिवस त्यांनी तळघर पालथं घातलं आणि चौथ्या दिवशी रडकुंडीला येऊन सांगितलं, “सर, नाही मिळाला.” सर म्हणाले, “अगं पोरी, कुठे कुठे नाही मिळाला ते सांग. तेवढ्या जागा मला आता बघायला नकोत. अर्धं काम तर तूच केलंस.” त्या एका वाक्यावर आपण एकतीस वर्षं टिकलो, असं ताई नव्या मुलींना सांगत.

तेव्हा त्या तारखेकडे पाहून ताई घाबरल्या नाहीत. पहिल्यांदा त्यांना वाटलं, चूक आहे. मग वाटलं, कोणीतरी सरांचा पासवर्ड वापरतंय. आणि मग राग आला. मेलेल्या माणसाच्या चपला घालून कोणी मिरवावं, तसा.

त्यांनी संगणक विभागात फोन लावला. तिथल्या धिप्पाड माणसाला सगळे सर्व्हर म्हणत, कारण तो महिन्यातून दोनदा न सांगता गायब व्हायचा आणि मग सगळा मजला म्हणायचा, सर्व्हर डाउन आहे. आज तो होता.

“जुनं काहीतरी अडकलं असेल, ताई,” तो म्हणाला. “पासवर्ड बदलून टाकतो. उद्यापासून नाही यायचं.”

मंगळवारी ताई अकरा वाजल्यापासून ती ओळ उघडून बसल्या. अकरा दहाला तारीख बदलली.

बुधवारी सर्व्हरने खातंच बंद केलं. गुरुवारी अकरा दहाला तो ताईंच्या टेबलाशी स्वतः उभा होता, हातात चहा. ओळ हलली. चहा बशीत सांडला.

“मी बंद केलं होतं, ताई. खरंच केलं होतं. तुमच्यासमोर बोलतोय, खोटं कशाला बोलू?”

“कुठून उघडतंय ते तरी दिसतं का?”

त्याने वाकून दोन-चार कळा दाबल्या आणि मान खाजवली. “इथूनच. आपल्याच इमारतीतून. तिसरा मजला, खोली पाच.”

३

तिसऱ्या मजल्यावर संशोधकांना एकट्याने बसायला सात छोट्या खोल्या आहेत. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीत संगणकाची तार लावायची खोच, दाराला वरच्या अर्ध्या भागात दुधी काच. पाचवी खोली सरांची होती. ते गेल्यावर वर्षभर कोणी ती मागितली नाही, मग तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायला लागले.

किल्ल्या मामींकडे असत. मामी म्हणजे ग्रंथालयातल्या सर्वांत जुन्या कर्मचारी. झाडलोट, दारं-खिडक्या आणि दुनियेच्या बातम्या, हे तिन्ही त्यांच्याकडे.

“पाच नंबर?” मामी म्हणाल्या. “ती मी उघडत नाही हल्ली.”

“का हो?”

“काही नाही. सकाळी फरशी पुसते ना, तेव्हा आतून आवाज येतो. कोणीतरी कामात असल्यासारखा. मग म्हटलं, कामातल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा?”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की ताईंना हसावं का ओरडावं कळेना.

कुलूप गंजलं होतं. मामींनी दोन्ही हातांनी किल्ली फिरवली. आत एकावर एक रचलेल्या चार खुर्च्या, कोपऱ्यात गुंडाळलेला पडदा, आणि बंद खोलीला येतो तसा कोंदट वास. टेबलावर संगणक नव्हता. भिंतीतली खोच रिकामी होती. तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि ते अखंड होतं.

“बघा,” ताई म्हणाल्या, “काही नाही.” हे त्यांनी मामींना सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

मामी टेबलाकडे पाहत होत्या. टेबलावर सहा वर्षांची धूळ होती, मऊ, राखाडी, बोटभर वाटावी अशी. फक्त खुर्चीच्या बाजूला दोन ठिकाणी ती नव्हती. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, दोन स्वच्छ गोल. त्यांच्यात वीतभर अंतर.

मामींनी आपले दोन्ही हात हवेत टेबलावर टेकवल्यासारखे केले आणि मानेने कोपरांकडे खूण केली.

४

कोण काय वाचतं ते आपण बघायचं नाही. हा नियम ताई नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगत. डॉक्टरला रोग्याचं शरीर दिसतं, आपल्याला वाचकाचं मन दिसतं. डोळे खाली ठेवायचे. एकतीस वर्षांत त्यांनी तो कधी मोडला नव्हता. कुलगुरूंच्या कार्यालयातून एकदा विचारणा आली होती, तेव्हासुद्धा.

शुक्रवारी त्यांनी तो मोडला.

जुन्या पद्धतीत शोधांची नोंद नव्वद दिवस राहायची. ताईंनी सरांच्या खात्याची नोंद उघडली. पहिली ओळ वाचली आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

‘कृपया पाठदुखी, स्त्री, बैठं काम.’

कृपया. शोधाच्या चौकटीत कोणी कृपया लिहितं का? सर लिहायचे. यंत्र झालं म्हणून काय झालं, आपण त्याला काम सांगतोय, असं त्यांचं म्हणणं. शंभर वेळा सांगून झालं होतं की त्या शब्दाने शोध बिघडतो. ते म्हणायचे, “बिघडू दे. माणूस बिघडण्यापेक्षा बरं.”

नोंद सात आठवड्यांपूर्वी सुरू होत होती. त्याआधीच्या दिवसांत काही नाही. रविवार सोडून रोज अकरा दहाला सुरुवात, बाराला शेवट. आणि वाळवीबद्दल एक अक्षर नाही.

‘कृपया पाठदुखी, डावी बाजू.’

‘कृपया पाठदुखीखेरीज अन्य कारणं.’

‘कृपया स्त्री, लक्षणं नसताना.’

‘कृपया मूत्रपिंड, लक्षणं नसताना.’

ताईंनी विद्यार्थ्यांना हेच शिकवलं होतं: आधी मोठी चाळणी, मग बारीक, मग त्याहून बारीक. सर तसेच जात होते. दर दिवशी एक पाऊल. घाई नाही, फाटे नाहीत. शेवटची ओळ आदल्या दिवशीची होती.

‘कृपया डावं मूत्रपिंड, लहान गाठ.’

खिडकीबाहेर मुलं पायऱ्यांवर बसून हसत होती. ताईंनी नोंद मिटली. सर कशात अडकले होते ते त्यांना कळलं नव्हतं, पण एवढं कळलं होतं की हा अभ्यास कुतूहलाचा नव्हे. हा कोणा एका बाईसाठी होता.

५

काकू, म्हणजे सरांच्या बायको, विद्यापीठाच्या मागच्या रस्त्याला राहत. चौऱ्याहत्तरी झाली तरी जिन्याने वर-खाली करत आणि दार उघडताना म्हणत, “कोण मेलं तडफडलं आता?” समोर कोणीही असो.

“मीच,” ताई म्हणाल्या.

“तू होय. ये. बारीक झालीस का गं?”

“कुठली बारीक, काकू.”

ताईंनी बराच वेळ इकडचं तिकडचं काढलं. सांगायचं म्हणून जे जे ठरवून आल्या होत्या, ते काकूंच्या त्या नीटनेटक्या दिवाणखान्यात, सरांच्या फोटोखाली, अगदीच वेडगळ वाटायला लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, “काकू, तुमची पाठ कशी आहे?”

“पाठ? पाठ पाठीमागे आहे. का?”

आणि मग ताईंनी सांगितलं. तारीख, खोली, कृपया, सगळं. काकू ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “पंचेचाळीस वर्षांत या माणसाने मला एकदासुद्धा ‘तू मला आवडतेस’ म्हटलं नाही. पण मला ताप आला, की हा डॉक्टरकडे जायच्या आधी ग्रंथालयात जायचा. संध्याकाळी तापावरचे बारा लेख घेऊन घरी. उशाशी बसून वाचून दाखवायचा. मला मेलीला एक अक्षर कळायचं नाही, पण झोप छान लागायची.” मग त्यांनी विचारलं, “काय शोधतोय म्हणालीस?”

‘शोधतोय’, ‘शोधायचा’ नव्हे, हे ताईंच्या ध्यानात आलं.

“डावं मूत्रपिंड. काकू, एकदा तपासून घ्या. माझ्यासाठी.”

काकूंनी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण सोमवारी ताई त्यांना हाताला धरून तपासणीला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा ताईंकडे वळवून दाखवला. सगळं ठणठणीत.

“चाळिशीतल्या बाईची वाटतात, म्हणाला तो,” काकू बाहेर येताना मोठ्या ऐटीत म्हणाल्या. “माझी मूत्रपिंडं. आता सांग.”

ताई इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. दोघींनी कोपऱ्यावर चहा घेतला. निघताना मात्र काकूंनी ताईंचा हात सोडला नाही.

“तो चुकायचा नाही गं,” त्या हळूच म्हणाल्या. “उशीर करायचा, पण चुकायचा नाही. मग कोणासाठी?”

६

मंगळवारी लेख-मागणीचा अर्ज आला. आपल्याकडे नसलेला लेख दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायचा असेल, तर वाचकाने भरायचा तो अर्ज. तो थेट ताईंच्या टेबलावर येतो. अर्जदाराच्या रकान्यात सरांचा क्रमांक होता. मूत्रपिंडातली लहान गाठ काढताना बाकीचा भाग कसा वाचवावा, असा काहीसा लेखाचा विषय. ‘कशासाठी हवा?’ या रकान्यात दोन शब्द.

घाई आहे.

ताई अर्जाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. लेख कुठे मिळेल ते शोधलं, तिथल्या ग्रंथपालाला निरोप धाडला, अर्जावर ‘प्रक्रिया सुरू’ असा शेरा मारला. हात आपोआप चालले. वाचक वाचक असतो.

अकरा दहाला त्यांनी नोंद उघडली. आता डोळे खाली ठेवण्यात अर्थ नव्हता. शोध त्यांच्यासमोर, एकेक करून उमटत होते. दोन शोधांमध्ये तीन-तीन मिनिटं जात होती. तेवढा वेळ कोणीतरी वाचत होतं.

‘कृपया डावं मूत्रपिंड, लहान गाठ, स्त्री, वय त्रेपन्न.’

ताईंनी खुर्चीत पाठ टेकली. त्रेपन्न. जगात त्रेपन्न वर्षांच्या बायका काय थोड्या आहेत? ग्रंथपालांची मेहुणी त्रेपन्नची होती. खालच्या वाचनकक्षातल्या बाई असतील पन्नास-पंचावन्नच्या. बुद्धी अशी भराभर नावं पुढे करत होती, जशी वर्गातली मुलं दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

तीन मिनिटांनी पुढची ओळ आली.

‘कृपया शस्त्रक्रिया, पेनिसिलिन चालत नसल्यास काय द्यावं.’

खोली एकदम लांब गेल्यासारखी झाली.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ताईंना घसा धरल्यावर कोणीतरी गोळी दिली होती. अर्ध्या तासात ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. सगळे वारा घालत बसले. वाळवीवाल्या सरांनी त्यांना हातांवर उचललं, जिना उतरले, गाडीत घातलं आणि दवाखान्याच्या दारापर्यंत मोठमोठ्याने एकच बोलत राहिले: “श्वास घे, पोरी. वाचक वाट बघतायत. श्वास घे.” डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं, तेव्हा ते ताईंच्या आधी सरांना पाठ झालं होतं. पुढे कधी ताई नुसत्या शिंकल्या तरी सर कपाटाआडून विचारायचे, “काय घेतलंस? दाखव आधी.”

ताईंनी हळूच डाव्या कुशीवर हात ठेवला. तिथे काहीही दुखत नव्हतं.

७

गाठ होती. सुपारीएवढी. डावीकडे.

“कशाने संशय आला तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं. “इतक्या लवकर ही सापडत नाही. काही त्रास?”

“पाठ दुखायची कधीकधी.”

“त्याचा हिच्याशी संबंध नाही. ती तुमची खुर्ची.”

ताईंचा नवरा शेजारी बसला होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा आणि आयुष्यात कशानेही गडबडत नसे. समोरून ट्रक आला तरी ‘आता हळूच ब्रेक’ असं म्हणणारा माणूस. तो नुसता ताईंच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत-सोडत होता. घरी गेल्यावर म्हणाला, “तुझ्या त्या सरांना मी किड्यामुंग्यांचा माणूस म्हणायचो गं.” आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ नळ नुसताच वाहत होता.

मागवलेला लेख शनिवारी आला. ताईंनी त्याच्या दोन प्रती काढल्या. एक सरांच्या खात्यावर पाठवली. दुसरी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात दिली. ते सगळं मूत्रपिंडच काढायचं म्हणत होते. त्यांनी लेख उभ्याने चाळला, मग बसून वाचला.

“हा गेल्या आठवड्यातच प्रसिद्ध झालाय. तुमच्या हाती कसा लागला?”

“आमच्या एका वाचकाने मागवला होता,” ताई म्हणाल्या.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी त्या कामावर गेल्या. महिनाअखेर होती. चारशे अकरा ओळी खोडून झाल्या होत्या. संध्याकाळी जुनी पद्धत बंद झाली, की दोनशे सहावी ओळही मिटणार होती.

ताईंनी नव्या नोंदणीचा अर्ज उघडला. क्रमांक घातला, विभाग घातला. ‘सद्यस्थिती’पाशी त्या थांबल्या. तीन चौकटी होत्या: कार्यरत, निवृत्त, मृत. आजवर त्यांनी कागदावर एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं.

सर्व्हर मागे उभा होता. तो फक्त म्हणाला, “ताई, मंजुरी माझी लागते. मी देतो.”

ताईंनी ‘निवृत्त’वर खूण केली.

८

सात आठवड्यांनी ताई परत आल्या. गाठ गेली होती, मूत्रपिंडाचा बराचसा भाग राहिला होता. टेबलावर मामींनी फुलं ठेवली होती, आणि सर्व्हरने नवी खुर्ची कुठून तरी पैदा केली होती. कुठून ते कोणी विचारलं नाही.

नव्या पद्धतीत सरांच्या खात्यासमोर शेवटचा वापर म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवसाची तारीख होती. त्यानंतर काही नाही. ताईंना हायसं वाटलं आणि लगेच, न सांगता कोणी निघून गेल्यावर वाटतं तसं ओकंबोकं वाटलं. त्यांनी काकूंना फोन करून सांगितलं.

“झालं असेल काम,” काकू म्हणाल्या. “आता झोपू दे त्याला.”

आणखी तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. बुधवारी सकाळी निकाल आला: स्वच्छ. कुठे काही नाही. ताईंनी नवऱ्याला कळवलं, काकूंना कळवलं, मामींना मिठी मारली. मग त्यांच्या मनात आलं, आणखी एकाला सांगायचं राहिलं. वेडेपणा होता, पण असला वेडेपणा करायचा हक्क आपल्याला आता आहे, असं त्यांना वाटलं. त्या तिसरा मजला चढल्या, अर्ध्यात दोनदा दम घेत.

मार्गिकेत ऊन होतं. एका ओळीत सात दारं. कोणी नव्हतं. फरशी नुकतीच पुसलेली, तिच्यावर आपली ओली पावलं उमटलेली त्यांना दिसत होती. दुसऱ्या दाराशी पोचल्या तेव्हा आवाज कानावर आला.

टक. टक. थोडं थांबून, टक.

सर आयुष्यभर एकाच बोटाने टाइप करायचे. अक्षर शोधायचे, सापडलं की दाबायचे, आणि मान वर करून पाहायचे, की उमटलं का. त्या थांबण्यासकट तो आवाज होता.

ताईंना भीती वाटली नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण भीतीच्या आत, गाभ्यापाशी, जुन्या माणसाच्या घराचं दार दिसावं तसं काहीतरी होतं. त्या पुढे गेल्या. पाच नंबरला कुलूप होतं, तेच गंजकं. दुधी काचेमागे फिकट निळसर उजेड होता, आणि त्या उजेडात कोणीतरी वाकून बसलेलं. खांदा. टेबलावर टेकलेली कोपरं. डोक्याची थोडी कललेली बाजू.

“सर,” ताई म्हणाल्या. आवाज पहिल्या आठवड्यातल्या त्या मुलीसारखा कोरडा निघाला. “सर, निकाल आला. चांगला आलाय. मी बरी आहे.”

आवाज थांबला.

आतली आकृती वळली नाही. डावीकडचं कोपर तेवढं टेबलावरून उचललं गेलं, हात वर आला, आणि काचेवर पाच बोटांची पसरट, राखी सावली पडली. थांब. एक मिनिट. माझं व्हायचंय.

मग हात खाली गेला आणि टकटक पुन्हा सुरू झाली. आधीपेक्षा जलद. मधलं ते थांबणं आता नव्हतं. एका बोटाची नव्हती ती; दोन्ही हातांची होती. आयुष्यात कधी न जमलेलं सर आता करत होते.

“कोणासाठी, सर?” त्यांनी विचारलं.

आवाज फक्त वाढला.

काच फुटलेली नव्हती, दार उघडं नव्हतं. ताईंना आणखी काही दिसलं नाही आणि त्यांनी पाहण्याचा प्रयत्नही केला नाही. त्या मागे सरल्या, वळल्या आणि जिन्याकडे निघाल्या. डाव्या कुशीत टाक्यांची जागा ओढत होती, तरी पायऱ्या त्या एकाआड एक उतरल्या. नवरा. काकू. मामी, ज्या गेल्या आठवड्यात बसूनच फरशी पुसत होत्या. सर्व्हर, त्याला जिना चढताना अलीकडे किती धाप लागते. एकेक चेहरा डोळ्यांपुढे येत होता आणि प्रत्येकापुढे त्या मनातल्या मनात, अगदी लहान मुलीसारखं, नको म्हणत होत्या.

खाली मामी म्हणाल्या, “अहो, एवढ्या धावताय कशाला? टाके उसवतील!”

“टेबलावर कोणी नाही,” ताई म्हणाल्या. “मागणी येईल आता.”

त्यांनी खुर्ची ओढली, संगणकाचा पडदा जागा केला आणि अर्जांचं पान उघडलं. अजून काही आलं नव्हतं. त्यांनी शेजारी कोरा कागद ठेवला, पेन्सिलीला टोक केलं, आणि नवा अर्ज यायच्या त्या जागेवर डोळे लावून बसल्या.